वाचकांचे प्रश्न : पुश्काशचा डावा पाय

मागच्या अंकात हंगेरीचा फुटबॉलपटू फेरेन्त्स पुश्काश (१९२७–२००६) याची दोन पानी ओळख छापली होती. त्यावर आलेल्या पत्रांत काही शंका आकड्यांच्या आहेत, काही १९५४च्या हरलेल्या अंतिम सामन्याच्या. बरीचशी पत्रं मात्र थेट मैदानावरून आली आहेत आणि त्यांचा सूर एकच आहे: हे आमच्या पोरांना शिकवता येईल का? म्हणून त्यांना जास्त जागा दिली आहे.

लेखात 'पुश्काश' छापलंय. टीव्हीवर आम्ही कायम 'पुस्कास' ऐकतो. बरोबर काय? – एक वाचक, गिरगाव

पुश्काश. हंगेरियन भाषेत रोमन 'एस' एकटं आलं की उच्चार 'श' होतो. त्याला 'झेड' जोडलं की 'स' होतो. 'सी' आणि 'एस' मिळून 'च'. इंग्रजी वाचणाऱ्याची इथेच फसगत होते. हा नियम लावला की त्याचे सहकारी कोचिश, बोझिक, ग्रोशिच आणि प्रशिक्षक शेबेश असे होतात. देवनागरीत हे इंग्रजीपेक्षा नेमकं लिहिता येतं, तेव्हा आपण तरी 'कॉक्सिस' छापू नये. जोर नेहमी पहिल्या अक्षरावर.

हंगेरीत आडनाव आधी येतं, आपल्या शाळेच्या हजेरीपटासारखं: पुश्काश फेरेन्त्स. घराण्याचं मूळ आडनाव जर्मन वळणाचं होतं, पुर्त्सेल्ड. ते १९३७ मध्ये, पोरगा दहा वर्षांचा असताना, बदललं. 'पुश्का' म्हणजे बंदूक, त्यामुळे पुश्काश म्हणजे बंदूकवाला. आपल्याकडे तोफखाने आडनावाचा स्ट्रायकर निघावा तसं! पुढे स्पेनमध्ये लोकांनी त्याला 'छोटी तोफ' म्हटलं, तेव्हा वर्तुळच पूर्ण झालं. घरात आणि गल्लीत मात्र तो 'ओची', म्हणजे धाकटा, आपल्या 'बाळ्या'च्या जातीचं नाव.

८५ सामन्यांत ८४ गोल हे खरं आहे का? दुसरीकडे ८९ सामने वाचले. – एक वाचक, डोंबिवली

दोन्ही खरं. हंगेरीसाठी ८५ सामने आणि ८४ गोल. पहिला सामना २० ऑगस्ट १९४५ रोजी ऑस्ट्रियाविरुद्ध, आणि त्यातही गोल. पुढे स्पेनचं नागरिकत्व घेतल्यावर तो स्पेनकडून ४ सामने खेळला, १९६२च्या चिलीतल्या विश्वचषकातले धरून, पण गोल शून्य. म्हणून एकूण ८९.

या आकड्याचं वजन आपल्या माणसाशी ताडून पाहावं. सुनील छेत्रीने १४ जून २०२२ रोजी कोलकात्यात हाँगकाँगविरुद्ध आपला ८४वा गोल केला आणि पुश्काशला गाठलं. छेत्रीचा तो १२९वा सामना होता. छेत्रीला कमी लेखायचं नाही, त्याच्यामागे हंगेरीसारखी मधली फळी कधीच नव्हती.

क्लबच्या आकड्यांत थोडा फरक दिसतो तो मोजणीचा. रेआल माद्रिदसाठी अधिकृत २६२ सामन्यांत २४२ गोल. त्यांतले फक्त लीगचे १८० सामन्यांत १५६. एकाने लीगचे मोजले आणि दुसऱ्याने सगळे, की भांडण सुरू. मैत्रीपूर्ण सामने मिसळलेला आकडा दिसला तर तो बाजूला ठेवा.

वेम्बलीवर बिली राइटला चकवून केलेला गोल आम्ही मोबाइलवर दहा वेळा पाहिला. बॉल मागे ओढण्याचा तो डाव १२-१३ वर्षांच्या मुलांना शिकवायचा आहे. मुलं करायला जातात आणि घसरतात. – शाळेचे एक क्रीडाशिक्षक, परळ

आधी गोल नीट पाहू, कारण त्यातच अर्धं उत्तर आहे. २५ नोव्हेंबर १९५३, लंडनचं वेम्बली मैदान, इंग्लंडविरुद्ध सामना, २४वं मिनिट, हंगेरी २–१ने पुढे. त्सिबोर हा डाव्या बगलेचा खेळाडू त्या क्षणी उजवीकडे आला होता, त्याने चेंडू आत दिला. पुश्काश गोलच्या उजव्या अंगाला, छोट्या चौकोनाच्या कोपऱ्याजवळ. इंग्लंडचा कर्णधार राइट पूर्ण वेगाने घसरत आला, कारण त्याला वाटलं आता फटका बसणार. पुश्काशने डाव्या तळव्याने चेंडू मागे खेचला, राइट रिकाम्या जागेवरून घसरत गेला आणि त्याच डाव्या पायाचा फटका जवळच्या खांबाच्या आत, वरच्या अंगाला. चेंडूला त्याचे दोन-तीनच स्पर्श झाले असतील.

यात पायाच्या करामतीपेक्षा वेळ महत्त्वाची. बचावपटूने उडी टाकेपर्यंत पुश्काश थांबला. मुलं हेच चुकवतात: समोरचा तीन मीटरवर उभा असतानाच चेंडू ओढतात. तो काही पडत नाही, शांतपणे पुढे येतो आणि चेंडू घेऊन जातो. मुलांना पाहायला शिकवा समोरच्याच्या पुढच्या पायाकडे. तो पाय जमिनीवरून सुटला की त्या क्षणी त्याला दिशा बदलता येत नाही. ओढायचं तेव्हाच.

आता पायाचं. टेकलेला पाय चेंडूच्या शेजारी, पण वीतभर अंतर सोडून, आणि गुडघा वाकवलेला. चेंडू ओढणाऱ्या पायाचा पुढचा भाग, बोटांच्या मुळाशी असलेली गादी, चेंडूच्या माथ्यावर ठेवायची. टाच नाही. टाचेने ओढला की चेंडू चिकटतो आणि पायाखालीच राहतो. आधी फटक्याचा आव आणायचा, खांदा आणि मांडी दोन्ही मागे, नाहीतर समोरचा फसेल कशाला? मग चेंडू दोन ते अडीच फूट मागे, किंचित बाहेरच्या बाजूला. अगदी सरळ मागे ओढला तर तो स्वतःच्याच टेकलेल्या पायावर आपटतो. ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. ओढून झाल्याबरोबर कंबर उघडायची, म्हणजे पुढचा स्पर्श फटका किंवा पास होऊ शकतो.

घसरण्याचं कारण शरीराचं वजन. चेंडू म्हणजे चाक, त्यावर वजन टाकलं की चाक पळणारच. तळवा चेंडूला फक्त टेकलेला असावा, सगळा भार टेकलेल्या पायावर. ओल्या टर्फवर आणि पावसाळ्यातल्या मैदानावर ही चूक लगेच शिक्षा देते. हवाही तपासा. नियमाप्रमाणे चेंडूचा दाब ०.६ ते १.१ बार असावा. टणक मैदानावर फार फुगवलेला चेंडू तळव्याखालून उडतो. त्या वयाला ४ नंबरचा चेंडू पुरे, मोठा चेंडू लहान तळव्यात बसत नाही.

सरावाचा क्रम: पहिला आठवडा जागेवर उभं राहून, प्रत्येक पायाने दहा-दहाच्या तीन फेऱ्या, धाप लागेपर्यंत नाही. नंतर चालत. नंतर जोडीदार तीन मीटरवरून अर्ध्या वेगाने येईल आणि मुद्दाम पाय टाकेल. जोडीदाराने कधीकधी पाय टाकायचाच नाही, हा नियम हवा. तेव्हा ओढणारा मुलगा चेंडू न ओढता थांबला तर तो शिकला. शेवटी गोलच्या जवळच्या खांबाला मीटरभर रुंदीची खूण करून तिथे फटका. डाव संपतो फटक्याने. पुष्कळ मुलं समोरच्याला पाडतात आणि कौतुकात उभी राहतात.

एक गंमत. त्याच सामन्यात तीन मिनिटांनी पुश्काशच्या नावावर दुसरा गोल लागला. तो त्याने ठरवून केलाच नव्हता. बोझिकची फ्री किक त्याच्या टाचेला लागून आत गेली.

माझा मुलगा फक्त डाव्या पायाने खेळतो. कोच म्हणतात उजवा तयार कर, नाहीतर संघात नाही. पुश्काशचं काय होतं? – एक पालक, ठाणे

पुश्काश जवळजवळ एकाच पायाचा होता. उजवा पाय त्याला उभं राहायला लागायचा, अशी थट्टा होत असे. पण त्याने उणीव जागेने भरून काढली: शरीर असं वळवून चेंडू घ्यायचा की पहिल्या स्पर्शानंतर तो डाव्या पायासमोरच येईल. वेम्बलीवर तो उजव्या अंगाला होता, तरी फटका डाव्यानेच बसला, कारण मागे ओढलेला चेंडू तिथेच आला.

तरी कोच अगदी चूक नाहीत. आजचे बचावपटू सामन्याच्या चित्रफिती पाहून येतात आणि एका पायाच्या खेळाडूला त्याच्या बिनकामाच्या बाजूला ढकलतात. उजव्या पायाने गोल करायला नको, पण चेंडू थांबवणं आणि दहा मीटरचा पास एवढं तरी यावं. रोज भिंतीवर उजव्याने पन्नास पास, पायाच्या आतल्या बाजूने. डाव्याचा सराव कमी न करता. आहे ते हत्यार बोथट करून दुसरं धार लावू नका.

'मागे खेळणारा सेंटर फॉरवर्ड' म्हणजे नेमकं काय? कॉलेजच्या संघात वापरून पाहिलं, गोलच होईनात. – एक वाचक, विलेपार्ले

वेम्बलीवर हंगेरीचा ९ नंबर, म्हणजे सेंटर फॉरवर्ड, होता हिदेगकुती. त्या काळी ९ नंबरला समोरच्या संघाचा सेंटर हाफ, म्हणजे बचावाच्या मधला खेळाडू, चिकटायचा, हा अलिखित करार. हिदेगकुती पुढे न राहता मधल्या फळीत उतरला. इंग्लंडचा सेंटर हाफ जॉन्स्टन, त्याच्यापुढे दोनच वाटा होत्या. त्याच्यामागे जावं तर गोलसमोर भगदाड, जागेवर राहावं तर हिदेगकुती मोकळा. तो मोकळाच राहिला आणि तीन गोल करून गेला. सामना ६–३. जॉन्स्टन त्यानंतर इंग्लंडकडून खेळला नाही. सहा महिन्यांनी, २३ मे १९५४ रोजी, बुडापेस्टमध्ये इंग्लंड ७–१ने हरलं. धडा घेतलाच नव्हता.

तुमच्याकडे गोल न होण्याचं कारण बहुधा असं: ९ नंबर मागे आला, पण त्याने सोडलेल्या जागेत कोणी धावलं नाही. हंगेरीत ते काम पुश्काश आणि कोचिश करायचे, कागदावर 'इनसाइड', म्हणजे ९ नंबरच्या दोन बाजूंचे, पण प्रत्यक्षात सगळ्यात पुढे. हे दोन धावणारे नसतील तर दुकान उघडं आणि गल्ल्यावर माणूस नाही. आधी दोन धावा ठरवा: ९ नंबर चेंडूकडे यायला लागला की आतले दोघं उलट दिशेने, बचावफळीच्या पाठीमागे. आणि चेंडू देणारा बोझिकसारखा मागे हवा, मान वर करून खेळणारा. असा मुलगा नसेल तर सरळ दोन स्ट्रायकर घेऊन खेळा.

जाता जाता: याच हंगेरीने १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात युगोस्लाव्हियाला २–० हरवलं. पुश्काशने पेनल्टी घालवली आणि मग पहिला गोल केला. त्याच युगोस्लाव्हियाने त्याच स्पर्धेत भारताला १०–१ असं धुतलं होतं. आपल्यातले काही जण तेव्हा अनवाणी खेळले. इकडे कूपरेजवर त्या वर्षांत हैदराबाद पोलिसांचा संघ रोव्हर्स करंडक लागोपाठ पाच वर्षं, १९५० ते १९५४, जिंकत होता. आपण कमी नव्हतो; युरोपाने बदललेला खेळ आपल्याकडे पोहोचायला वेळ लागला.

१९५४चा विश्वचषक हंगेरी कसा काय हरला? वडील म्हणायचे, बुटांमुळे. पावसात आमच्या मैदानावर कोणते बूट घालावेत हेही सांगा. – एक वाचक, भायखळा

वडिलांचं म्हणणं अर्धं खरं. ४ जुलै १९५४, बर्न, धो धो पाऊस. पश्चिम जर्मनीच्या बुटांना बदलता येणारे स्क्रूचे स्टड होते, चिखलासाठी लांब लावले गेले. त्याचा फायदा झालाच. पण इतरही कारणं आहेत आणि ती जास्त जड.

गटातल्या सामन्यात हंगेरीने याच जर्मनीला ८–३ हरवलं, तेव्हा लीब्रिखच्या लाथेने पुश्काशचा घोटा दुखावला. ब्राझील आणि उरुग्वेविरुद्धचे सामने तो बाहेर बसला. अंतिम सामन्यात पूर्ण बरा नसताना उतरला. त्या काळी बदली खेळाडू चालत नसत, म्हणजे दुखणं वाढलं तरी दहा जणांनी खेळायचं किंवा लंगडत खेळायचं. शिवाय हंगेरीला उरुग्वेविरुद्ध उपांत्य सामन्यात जादा वेळ खेळावं लागलं, तर त्याच दिवशी जर्मनीने ऑस्ट्रियाला ६–१ने आरामात उडवलं. चार दिवसांनी कोणाचे पाय ताजे असणार?

तरी पुश्काशने ६व्या मिनिटाला पहिला गोल केला, ८व्याला त्सिबोरने दुसरा. १८व्या मिनिटापर्यंत २–२. ८४व्याला जर्मनीच्या रान या खेळाडूने तिसरा गोल केला. अगदी शेवटी पुश्काशने चेंडू जाळ्यात घातला, पण लाइन्समनचा झेंडा वर, ऑफसाइड. वाद अजून संपलेला नाही. एक लक्षात घ्या: तेव्हा बचावपटूच्या बरोबरीत असणं म्हणजेही ऑफसाइड होतं. बरोबरीला सूट १९९० मध्ये मिळाली. आजचा नियम लावून तो गोल मोजू नये. १९५०च्या मे महिन्यापासून न हरलेला संघ नेमका त्या दिवशी हरला.

आता बूट. जुलै-ऑगस्टच्या चिखलात सहा स्क्रू-स्टडचे बूट घ्या: मागचे दोन १५ मिलिमीटरच्या आसपास, पुढचे चार त्याहून थोडे आखूड. बसवण्याआधी आट्यांना चिमूटभर व्हॅसलीन लावा, नाहीतर गंजून बसतात आणि सप्टेंबरात पान्याने फिरतही नाहीत. मध्यंतरात पुन्हा आवळा. कडा झिजून धारदार झालेला स्टड लगेच बदला, पंच अडवतील आणि त्यांचं बरोबर असेल. दिवाळीनंतर मैदान दगडासारखं झालं की हेच बूट घोटा मुरगळतात, कारण स्टड रुततच नाहीत. तेव्हा दहा-बारा आखूड साचेबंद स्टडचे बूट. टर्फवर स्क्रू-स्टड अजिबात नकोत, पाय रुतून बसतो आणि गुडघा फिरतो. बूट वाळवताना आत वर्तमानपत्राचे बोळे घाला, पण उन्हात ठेवू नका, तळवा सुटतो.

तिसाव्या वर्षी वजन वाढलेला माणूस माद्रिदने घेतला कसा? – एक वाचक, चेंबूर

१९५६च्या ऑक्टोबरात हंगेरीत उठाव झाला, नोव्हेंबरात रशियन रणगाडे शिरले. त्याचा क्लब होन्वेद तेव्हा युरोपियन चषकासाठी बाहेर होता. स्पेनच्या बिलबाओत २–३ हार, मग परतीचा सामना ब्रसेल्समध्ये खेळावा लागला, ३–३. पुश्काश, कोचिश आणि त्सिबोर परतले नाहीत, बोझिक परतला. होन्वेद लष्कराचा क्लब असल्याने पुश्काशला कागदोपत्री मेजरची पदवी होती, त्यामुळे प्रकरण जास्तच चिघळलं. बंदी आली. जवळपास दीड वर्ष खेळ बंद, आणि वजन सुमारे १८ किलो जास्त.

१९५८ मध्ये, ३१व्या वर्षी, रेआल माद्रिदने त्याला घेतलं. होन्वेदचा जुना व्यवस्थापक ओस्तरायखर तिथे गेला होता, त्याचा शब्द उपयोगी पडला. वजन उतरलं, पण पूर्वीचं धावणं आलं नाही, आणि गरजही नव्हती. शेजारी माद्रिदचाच दि स्तेफानो मैदानभर फिरायचा. पुश्काश कमी धावायचा, योग्य जागी उभा राहायचा आणि डावा पाय मोकळा ठेवायचा. चार वेळा तो स्पॅनिश लीगचा सर्वाधिक गोल करणारा ठरला, तेही तिशी उलटल्यावर. १८ मे १९६०ला ग्लासगोत युरोपियन चषकाच्या अंतिम सामन्यात जर्मनीच्या फ्रँकफर्टला ७–३ हरवलं, त्यात पुश्काशचे ४ आणि दि स्तेफानोचे ३. तो सामना होईल की नाही हीच आधी शंका होती. १९५४च्या जर्मन संघावर त्याने उत्तेजकांचा आरोप केला होता, त्यामुळे जर्मन संघटनेने तो असलेल्या संघाशी खेळायला बंदी घातली होती. त्याने माफीचं पत्र दिलं तेव्हा रस्ता मोकळा झाला. दोन वर्षांनी ॲमस्टरडॅमला पोर्तुगालच्या बेन्फिकाविरुद्ध पुश्काशने पहिल्या अर्ध्यात तीन गोल करूनही माद्रिद ३–५ हरलं. प्रशिक्षक म्हणून त्याने अथेन्सच्या पानाथिनायकोसला १९७१च्या अंतिम सामन्यापर्यंत नेलं. तिथे हॉलंडच्या आयाक्सकडून ०–२ हार.

पुश्काश पुरस्कारासाठी आमच्या स्थानिक स्पर्धेतला गोल पाठवता येतो का? – एक वाचक, कुर्ला

वर्षातल्या सुंदर गोलाला हा पुरस्कार २००९ पासून फिफा देते. आधी गोलांची छोटी यादी ठरते, मग मतं. महिलांच्या गोलासाठी २०२४ पासून मार्ता पुरस्कार वेगळा आहे. नावाजलेल्या लीगची अट मात्र नाही. २०१६ मध्ये मलेशियातल्या पेनांगच्या फैज सुब्रीची फ्री किक जिंकली, २०२२ मध्ये पोलंडच्या मार्चिन ओलेक्सीचा, कुबड्यांवर खेळल्या जाणाऱ्या सामन्यातला गोल. दोन्ही जगाला दिसले ते चित्रफितीमुळे. तेव्हा मोबाइल आडवा धरा, मध्यरेषेजवळ उंचावर उभे राहा, आणि गोलच्या आधीचे दहा सेकंद कापू नका. चेंडू आत जातानाच चित्रण सुरू करणारे मित्र काही कामाचे नाहीत.

पुढच्या वर्षी बुडापेस्टला जातोय. त्याच्या आठवणी कुठे पाहाव्यात? – एक वाचक, मुलुंड

मेट्रोच्या एम-२ मार्गावर त्याच्याच नावाचं स्थानक आहे. बाहेर पडलं की पुश्काश अरेना, २०१९ मध्ये उघडलेलं, सुमारे ६७ हजारांचं. ७–१चा सामना झाला ते जुनं नेपस्टेडियन याच जागी होतं, ते पाडलं. त्याची समाधी शहराच्या मध्यभागी सेंट स्टीफन बॅसिलिकात आहे. तिथे प्रार्थना चालू असेल तर थांबावं लागतं, तेव्हा रविवार सकाळ टाळा. किश्पेश्त, म्हणजे तो लहानाचा मोठा झाला ते उपनगर, एकोणिसाव्या विभागात येतं. तिथलं होन्वेदचं मैदान त्याच्या बालमित्राच्या, बोझिकच्या नावाने आहे. दोघं शेजारी राहायचे. ओबुदा भागात पोरांना चेंडूचे खेळ दाखवणारा त्याचा पुतळा आहे, फोटो तिथेच काढा. व्हिसा शेंगेनचा लागेल, अर्ज प्रवासाच्या किमान १५ दिवस आधी, पण सहा महिन्यांपेक्षा लवकर नाही. चलन फोरिंट, युरो नव्हे.